मुलांबरोबर घरच्या घरी खेळ आणि खाऊ: मापं, वेळ आणि नेमकं कुठे फसतं

निवांतवेळ
सुट्टीत मुलांना घरी गुंतवायच्या याद्या पैशाला पासरी मिळतात. ‘पिशवीत आइस्क्रीम करा, साबणाचे फुगे उडवा, खजिना शोधा’ एवढं सांगून यादी पुढे पळते. मीठ किती घालायचं, किती वेळ हलवायचं, चार वर्षांच्या मुलाच्या हाती काय द्यायचं आणि नऊ वर्षांच्या मुलाने काय करायचं, यावर अवाक्षर नाही. मग अर्ध्या तासात पसारा होतो, मुलं कंटाळतात आणि मोठी माणसं ओट्याशी उभी राहून एकटीच सगळं उरकतात.

म्हणून हा धागा. नुसती कल्पना नको, कृती द्या: साहित्य, माप, वेळ, आणि बिघडलं तर का बिघडलं. मुलं ४ ते १० वर्षांची धरा. सगळ्यांची मापं जुळावीत म्हणून कप २४० मिलीचा, मोठा चमचा १५ मिलीचा आणि लहान चमचा ५ मिलीचा. चमचा नेहमी सपाट.

हिमकण
पिशवीतल्या आइस्क्रीमपासून सुरुवात करतो, कारण यात सगळ्यात महत्त्वाचं काम मुलांच्याच हातून होतं.

एका मुलापुरतं: अर्धा कप पूर्ण साईचं दूध किंवा निम्मं दूध निम्मं क्रीम, १ मोठा चमचा साखर, पाव लहान चमचा व्हॅनिला इसेन्स. साखर पूर्ण विरघळवा. हे लहान झिपच्या पिशवीत भरून हवा काढा, बंद करा आणि तशाच दुसऱ्या पिशवीत घाला. बाहेरच्या मोठ्या पिशवीत ४ कप बर्फ आणि अर्धा कप जाडं मीठ. लहान पिशवी त्यात पुरा, मोठी पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळा आणि ८ ते १० मिनिटं सतत हलवा, उलटसुलट करा.

मीठ कशाला? मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली जातो. त्यामुळे बर्फ वितळत राहतो, आणि वितळायला लागणारी उष्णता तो आजूबाजूने, म्हणजे दुधातूनच खेचून घेतो. मिठाचं प्रमाण वजनाने साधारण २३ टक्के असेल तर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. घरच्या पिशवीत तितकं होत नाही, पण उणे ८-१० पुरेसं आहे. नुसत्या बर्फात मात्र दूध शून्याच्या खाली जातच नाही. त्यात साखर असते, म्हणून ते शून्याला गोठतही नाही. तासभर हलवलं तरी गार दूधच मिळेल.

बिघडण्याच्या जागा:
साखर वाढवली की गोठायला उशीर होतो. दुप्पट साखर घातलेलं मिश्रण सरबरीतच राहतं.
साय काढलेलं दूध घेतलं तर बर्फाचे खडे लागतात. स्निग्धांश कमी असला की पाण्याचे स्फटिक मोठे वाढतात.
हलवणं थांबलं की कडेला कडक थर आणि आत पाणी.
आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे आतली पिशवी बाहेर काढून तशीच उघडणं. पिशवीच्या तोंडाशी खारं पाणी असतं, ते आत ओघळतं. आधी नळाखाली गार पाण्याने पिशवी धुवा, पुसा, मगच उघडा.

उघड्या हाताने ती पिशवी धरायची नाही. उणे दहाचा बर्फ त्वचेला मिनिटभरात इजा करू शकतो. टॉवेल किंवा हातमोजे हवेतच.

मोजपट्टी
हिमकण, जाड्या मिठाऐवजी साधं टेबल सॉल्ट चालेल का? आणि चार वर्षांचं मूल दहा मिनिटं काही हलवणार नाही, दोन मिनिटांत पिशवी टाकून पळेल.

हिमकण
चालेल. बारीक मीठ लवकर विरघळतं, त्यामुळे थंडी झटकन उतरते, पण ते तळाशी बसतं. बर्फाचा एक थर, मिठाचा एक थर असं घाला. बारीक मीठ कपात जास्त दाटून बसतं, म्हणून अर्ध्या कपाऐवजी अर्ध्याला थोडं कमी पुरे. मोजायचंच असेल तर बर्फाच्या वजनाच्या पाव भाग मीठ.

लहान मुलांसाठी दोन उपाय. दूध आधी तासभर फ्रिजमध्ये ठेवा, हलवण्याचा वेळ कमी होतो. आणि पिशवी एकाच मुलाकडे न ठेवता टॉवेलच्या चार कोपऱ्यांना चौघांनी धरून झुलवा. दोघेच असाल तर दोन-दोन कोपरे. मध्ये पिशवी उसळते, कोणाच्या हाताला थंडी लागत नाही आणि दहा मिनिटं कधी गेली ते कळत नाही.

पिठूळ
बिस्किटांची कृती देते. अंडं नाही, त्यामुळे प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: १ भाग साखर, २ भाग लोणी, ३ भाग मैदा, सगळं वजनाने. १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, ३०० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ.

लोणी बोटाने दाबलं तर खळगा पडेल इतपत मऊ हवं, वितळलेलं नको. साखरेबरोबर दोन मिनिटं फेटा, मैदा चाळून घाला आणि गोळा होईपर्यंतच एकत्र करा. पीठ दोन बेकिंग पेपरांच्या मध्ये ठेवून ५ मिलिमीटर जाड लाटा आणि लाटलेली पोळी तशीच ३० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बहुतेक कृतींत गोळा गार करून मग लाटायला सांगतात. दगडासारखा झालेला गोळा मुलांच्याने लाटला जात नाही. आधी लाटून मग गार करणं मुलांच्या दृष्टीने कितीतरी सोयीचं.

आकार कापा, ट्रेवर ठेवा, ट्रेसकट आणखी १५ मिनिटं फ्रिजमध्ये. मग १७० अंशांवर १२ ते १४ मिनिटं, कडा जेमतेम सोनेरी होईपर्यंत. बाहेर काढल्यावर मऊच असतात. ट्रेवर दहा मिनिटं निवू द्या, मगच उचला.

आता बिघाड. बिस्किटं पसरून आकार गेला, तर पीठ ओव्हनमध्ये जाताना गार नव्हतं. लोणी आधी वितळलं आणि मैदा सेट व्हायच्या आत सगळं पसरलं. कडक, चिवट झाली, तर पीठ मळलं गेलं आहे. मुलं हे हमखास करतात, कापून उरलेल्या तुकड्यांचा गोळा करून पुन्हापुन्हा मळत बसतात. प्रत्येक वेळी ग्लुटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रथिन, वाढतं. तुकडे मळू नयेत, एकमेकांना चिकटवून एकदाच लाटावेत. त्यानंतर जे उरेल त्याचे छोटे गोळे करून बोटाने चपटे करा आणि शेवटच्या ट्रेमध्ये टाका. ट्रे गरम असताना त्यावर दुसरी खेप ठेवली तर तीही पसरते, हे घाईत विसरायला होतं.

रंगवायला १ कप पिठीसाखर आणि १ मोठा चमचा दूध. चमचा वर उचलल्यावर पडलेली धार पाच-सहा सेकंद दिसत राहिली पाहिजे. लगेच विरली तर साखर वाढवा, धार पडलीच नाही तर दूध थेंबाथेंबाने. बिस्किटं पूर्ण गार झाल्याशिवाय रंगवायची नाहीत, नाहीतर सगळं ओघळतं.

आणि हो, कच्चं पीठ चाटायचं नाही. अंडं नसलं तरीसुद्धा. कच्च्या मैद्यात जंतू असू शकतात, तो भाजल्यावरच सुरक्षित होतो.

चौकस_काका
पिठूळताई, ओव्हन नसलेल्यांनी काय करायचं? मायक्रोवेव्ह आहे.

पिठूळ
ही बिस्किटं मायक्रोवेव्हमध्ये नाही होणार काका. कुरकुरीतपणा येत नाही. मगमधला केक करा: ४ मोठे चमचे मैदा, २ मोठे चमचे कोको, ३ मोठे चमचे पिठीसाखर, पाव लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. हे मगमध्येच काट्याने नीट मिसळा, मग ४ मोठे चमचे दूध आणि २ मोठे चमचे तेल. मग किमान ३०० मिलीचा हवा आणि मिश्रण अर्ध्याच्या वर जाता कामा नये. पूर्ण शक्तीवर आधी ६० सेकंद, मग पाहून दहा-दहा सेकंद वाढवा. वरचा भाग जरासा ओलसर दिसत असतानाच थांबा, आतल्या वाफेवर तो शिजतो. वरून कोरडा दिसेपर्यंत ठेवलात तर रबर.

बेकिंग पावडर ‘थोडी जास्त’ टाकायचा मोह होतो. त्याने केक भसकन फुगतो, मगच्या बाहेर येतो आणि खाली बसतो, शिवाय कडवट लागतो. मग फार गरम असतो. मुलांना देण्याआधी पाच मिनिटं थांबा किंवा बशीत उलटा.

सावलीपट
खाण्याचं पुरेसं झालं, थोडा खेळ. सावल्यांचं नाटक बहुतेक ठिकाणी पुसट सावल्यांमुळे कंटाळवाणं होतं, आणि त्याचं कारण दिवा असतो. शेडमधला दिवा किंवा ट्यूब वापरली की सावलीच्या कडा विरघळतात. प्रकाश एका बिंदूतून आला पाहिजे. फोनचा फ्लॅश यासाठी उत्तम. तो बारीक असतो, म्हणून सावलीची कड सुरीसारखी येते. फोनवर दोन एलईडी असतील तर एकावर काळी चिकटपट्टी लावा, नाहीतर कडा दुहेरी दिसतात.

पडदा म्हणजे पांढरी पातळ चादर, इस्त्री केलेली. दोन खुर्च्यांमध्ये दोरी बांधून चिमट्यांनी ताणून लावा. खालच्या कडेलाही चिमटे आणि वजन हवं, चादर हलली की सगळी गंमत जाते. दिवा पडद्याच्या मागे दीड ते दोन मीटरवर, मुलं मध्ये, प्रेक्षक पुढे. खोलीतले बाकी सगळे दिवे बंद, टीव्हीचा सुद्धा.

सावलीच्या आकाराचं गणित साधं आहे. दिव्यापासून पडद्याचं अंतर भागिले दिव्यापासून बाहुलीचं अंतर, तितक्या पट सावली मोठी. दिवा पडद्यापासून २ मीटरवर आणि बाहुली बरोबर मध्ये असेल तर सावली दुप्पट. दिव्यापासून अर्ध्या मीटरवर आणली तर चौपट. म्हणजे उंदीर आणि राक्षस एकाच कागदी आकृतीतून होतात, ती दिव्याकडे सरकवायची एवढंच. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे आधी आकडा सांगून, मग पडद्यावर पट्टीने मोजायला लावा. नाटकापेक्षा यातच जास्त वेळ जातो.

बाहुल्या काळ्या कागदाच्याच हव्यात असं नाही, बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठाही चालतो, सावलीला रंग नसतो. डोळा, खिडकी, दाराची फट अशा जागा कापून त्यावर रंगीत जिलेटिन पेपर चिकटवला तर पडद्यावर तेवढा भाग रंगीत दिसतो. काडी बाहुलीच्या मागे खालच्या बाजूने चिकटवा. मधोमध लावली तर काडीची आणि हाताची सावली चित्रात येते.

बाहुल्या कापायला द्यायच्या आधी लहान मुलांना फक्त पाच आकार द्या: गोल, त्रिकोण, चौकोन, ढग, मासा. बारीक शिंगं-शेपट्या कापताना फाटतात आणि रडारड सुरू होते.

निवांतवेळ
पट मोजायची कल्पना झकास आहे! हा असाच तपशील हवा होता.

दक्षता
सगळे खाऊ सांगताहेत, म्हणून वयाचं एकदा स्पष्ट लिहिते. पॉपकॉर्न, अख्खे दाणे आणि सुकामेवा, अख्खी द्राक्षं, कडक गोळ्या ४ वर्षांखालच्या मुलांना द्यायच्या नाहीत, घशात अडकतात. द्राक्षं उभी, चार फोडी करून द्या, आडवे काप गोलच राहतात आणि अडकतात. मध एक वर्षाखालच्या बाळाला कुठल्याही पदार्थातून नाही. साखरेचा उकळता पाक मुलांच्या हाती कधीच नाही, तो पाण्याहून जास्त तापतो आणि त्वचेला चिकटून राहतो.

लाह्या
पॉपकॉर्नचं नाव निघालं म्हणून. जाड बुडाच्या पातेल्यात ३ मोठे चमचे तेल आणि फक्त तीन दाणे. तिन्ही फुटले की अर्धा कप दाणे ओता, विस्तवावरून ३० सेकंद बाजूला घ्या, मग परत ठेवा. त्या अर्ध्या मिनिटात सगळे दाणे सारखे तापतात आणि जवळजवळ एकदम फुटतात. झाकण किंचित तिरकं ठेवा, वाफ बाहेर गेली नाही तर पॉपकॉर्न चिवट होतात. दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंद जायला लागले की बंद.

दाण्यात साधारण १४ टक्के पाणी असतं. १८० अंशांच्या आसपास त्याची वाफ टरफल फोडते. डबा उघडा राहून दाणे सुकले की तळाशी न फुटलेले ढीगभर उरतात. अशा वेळी बरणीत ३ कप दाण्यांना १ मोठा चमचा पाणी घालून हलवा आणि घट्ट झाकून दोन-तीन दिवस ठेवा. दाणे टाकून देऊ नका.

मुलांना काम? पारदर्शक झाकण असेल तर लांबून फुटलेले दाणे मोजणं. नसेल तर आवाज ऐकून ‘बंद’ कधी म्हणायचं ते त्यांनी ठरवायचं.

फुगेवाली
साबणाचे फुगे: १ लिटर पाणी, १२५ मिली भांडी घासायचं लिक्विड, २ मोठे चमचे ग्लिसरीन. लिक्विड शेवटी घाला आणि हळू ढवळा. फेस झाला की फुगे होत नाहीत, फेस वरून काढून टाका. मिश्रण झाकून रात्रभर ठेवा.

मोठ्या फुग्यांसाठी दोन काठ्या, त्यांच्या टोकांना सुती दोरा. वरचा दोरा अर्धा मीटर, खालचा एक मीटर, खालच्याच्या मधोमध एक वॉशर ओवलेला. काठ्या मिटलेल्या अवस्थेत दोरा मिश्रणात बुडवा, बाहेर काढून हळूच उघडा आणि मागे चाला. काठ्या पुन्हा मिटल्या की फुगा सुटतो. नायलॉनचा दोरा नको, तो पाणी धरून ठेवत नाही.

फुगे लगेच फुटत असतील तर कारण बहुधा हवा किंवा पाणी. कडक उन्हात, कोरड्या हवेत पातळ पडद्यातलं पाणी उडून जातं. सकाळी लवकर किंवा पाऊस पडून गेल्यावर तेच मिश्रण सुरेख चालतं. पाणी जड असेल तर फिल्टरचं किंवा डिस्टिल्ड घ्या. आणि फुगा हातावर झेलायचा असेल तर हात मिश्रणात ओला करा, कोरड्या बोटाने तो फुटणारच. घरात करत असाल तर फरशीवर जुना टॉवेल अंथरा, साबणाच्या फरशीवरून मुलं जोरात घसरतात.

मोजपट्टी
ग्लिसरीन नसेल तर?

फुगेवाली
घट्ट साखरपाक २ मोठे चमचे, गार करून. काम तेच, पाणी उडायचं थांबवणं. फुगे थोडे चिकट होतात आणि मुंग्या येतात, एवढाच फरक.

मातीकाम
खेळायचं पीठ. शिजवलेलं करा, न शिजवलेलं दुसऱ्या दिवशी चिकट होतं. १ कप मैदा, अर्धा कप बारीक मीठ, १ मोठा चमचा क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पांढरी पावडर), १ मोठा चमचा तेल, १ कप पाणी, खायचा रंग पाण्यातच मिसळून. क्रीम ऑफ टार्टर नसेल तर २ मोठे चमचे लिंबाचा रस, आणि पाणी तेवढंच कमी. सगळं गार असताना गुठळ्या मोडून घ्या, मध्यम आचेवर सतत ढवळा. तीन-चार मिनिटांत पातेल्याची कड सोडून गोळा होतो. निवल्यावर मळा.

चिकट राहिलं तर मैदा घालू नका, परत दोन मिनिटं आचेवर ठेवा. ते कमी शिजलेलं असतं. भेगा पडल्या तर ओल्या हाताने मळा. हवाबंद डब्यात महिनाभर टिकतं. डब्याला आतून घाम आला तर कोरडं फडकं घालून ठेवा. घरात कुत्रा असेल तर हे त्याच्या तोंडी जाऊ देऊ नका, इतकं मीठ त्याच्यासाठी विषारी ठरतं.

कॉर्नफ्लोअरचा खेळही झटपट होतो: २ भाग कॉर्नफ्लोअर, १ भाग पाणी. मुठीत आवळलं की घट्ट, हात उघडला की ओघळतं. चमच्याने जोरात ढवळता येत नाही, हळू ढवळलं तर सहज फिरतो. पाणी चमचाभर जरी जास्त झालं तरी ही गंमत जाते. खेळ संपल्यावर सिंकमध्ये ओतायचं नाही. स्टार्च पाइपात खाली बसतो आणि चोंदतो. वाळू द्या, झाडून कचऱ्यात टाका.

गारेगार
फळांच्या गोठवलेल्या कांड्या. २ कप फळांचा गर, अर्धा कप दही, २-३ मोठे चमचे साखर. चाखताना ‘जरा जास्तच गोड’ वाटलं पाहिजे, कारण गार जिभेला गोडी कमी जाणवते. साच्यात वरून १ सेंटिमीटर मोकळं सोडा, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. काडी लगेच घातली तर तिरकी होते. तासाभराने, कडा धरल्यावर खोचा. एकूण ५-६ तास. काढताना साचा कोमट पाण्यात १५ सेकंद, उकळत्या पाण्यात नाही.

थरांच्या करायच्या असतील तर पहिला थर ४५ मिनिटं गोठू द्या. त्याआधी दुसरा ओतला तर रंग मिसळतो, पूर्ण दगड झाल्यावर ओतला तर खाताना थर सुटतात.

जेलीबद्दल एकच गोष्ट सांगते, त्यावरून डोकं फार खाल्लं जातं. ताजा अननस, किवी किंवा पपई घातली की जिलेटिनची जेली घट्टच होत नाही, कितीही वेळ फ्रिजमध्ये ठेवा. या फळांत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात आणि जिलेटिन हे प्रथिनच आहे. फळ पाच मिनिटं उकळून घाला किंवा डब्यातलं घ्या. अगर-अगर, म्हणजे चायना ग्रास वापरलात तर हा प्रश्नच नाही, ते प्रथिन नसून समुद्री शेवाळातून काढलेलं शर्करायुक्त द्रव्य आहे. त्याची पावडर १ कप पाण्याला १ लहान चमचा. पाणी उकळत असताना दोन मिनिटं ढवळा, नुसत्या गरम पाण्यात ती विरघळत नाही. आंबट रस उकळताना नको, आच बंद केल्यावर कोमट करून घाला. ती ३५-४० अंशांनाच जमते, फ्रिजचीसुद्धा गरज नाही. पण मिश्रण निवेपर्यंत गप्पा मारत बसलात तर पातेल्यातच जेली होईल.

हे मुलांसमोर मुद्दाम करून दाखवा: दोन वाट्यांत जिलेटिन, एकीत कच्चा अननस, दुसरीत उकळलेला. चार तासांनी काय होईल यावर आधी पैज.

कोडेबाज
खजिन्याचा शोध. बहुतेक घोळ चिठ्ठ्या ठेवताना होतो. ‘फ्रिज’कडे नेणारी चिठ्ठी फ्रिजमध्येच ठेवली जाते. कागदावर दोन रकाने करा: ‘कुठे ठेवली’ आणि ‘कुठे नेते’. पहिल्या ओळीतला दुसरा रकाना म्हणजे दुसऱ्या ओळीतला पहिला. शेवटापासून सुरुवात करा, आधी खजिना, मग त्याच्याकडे नेणारी चिठ्ठी. तो कागद खिशात ठेवा, मधली चिठ्ठी हरवली तर तोच वाचवतो.

८ ते १० चिठ्ठ्या पुरे. लागोपाठच्या दोन जागा घराच्या दोन टोकांना असाव्यात, म्हणजे पळापळ होते. वाचता न येणाऱ्यांसाठी जागेचा फोटो काढा, पण इतका जवळून की नेमकं काय आहे ते ओळखावं लागेल: नळाची चावी, चपलेचा बंद. लहान-मोठी भावंडं एकत्र असतील तर चिठ्ठीचे दोन तुकडे करा, चित्र धाकट्याला, अक्षरं मोठ्याला. एकट्याला उत्तर मिळता कामा नये, नाहीतर मोठा पुढे पळतो आणि धाकटा रडतो.

अदृश्य शाई: लिंबाच्या रसात कापसाची काडी बुडवून लिहा, पूर्ण वाळू द्या, मग उष्णता. पूर्वी बल्बजवळ धरून चालायचं. एलईडी बल्ब तेवढा तापत नाही, त्यामुळे अक्षरं उमटत नाहीत आणि लिंबालाच दोष दिला जातो. इस्त्री वापरा, वाफ बंद, ती मोठ्या माणसानेच फिरवायची. लहान मुलांसाठी पांढऱ्या मेणखडूने लिहून वरून पाणीदार जलरंग फिरवणं जास्त बरं, आच लागत नाही आणि हमखास दिसतं.

चौकस_काका
कोडेबाज, खजिना काय ठेवायचा? गोळ्या-चॉकलेट सोडून.

कोडेबाज
पुढच्या कामाचं साहित्य. डब्यात कुकी-कटर आणि पिठूळताईंची कृती, किंवा सावलीच्या बाहुल्यांचे कापलेले पुठ्ठे. शोध संपल्यावर ‘आता काय’ हा प्रश्न उरत नाही.

सावलीपट
एक राहिलंच. दुपारी अख्खी खोली कॅमेरा होते. खिडकीवर पुठ्ठा आणि फॉइल लावून प्रकाश पूर्ण बंद करा, फटी काळ्या चिकटपट्टीने झाका. पुठ्ठ्यात १ सेंटिमीटर व्यासाचं गोल भोक. बाहेर लख्ख ऊन हवं, पण ऊन समोरच्या झाडांवर-इमारतींवर पडलेलं, भोकातून थेट आत येणारं नको. दहा मिनिटं अंधारात बसा, डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही आणि ‘जमलं नाही’ म्हणून लोक इथेच सोडून देतात. मग समोरच्या भिंतीवर बाहेरचं दृश्य रंगांसकट उलटं दिसू लागतं. रस्त्यावरची माणसं छतावरून चालताना पाहिली की मुलं हलत नाहीत.

चित्र पुसट असेल तर मोठा पांढरा कागद भोकापासून एक मीटरवर धरा. चित्र लहान होतं, पण उजळ दिसतं. भोक मोठं केलं तर उजेड वाढतो आणि चित्र विरतं, लहान केलं तर उलट. दोन-तीन मापांची भोकं असलेले तुकडे कापून ठेवा, मुलांना बदलून पाहता येतात. भोकातून सूर्याकडे पाहायचं नाही, हे आधीच बजावा.

मोजपट्टी
खडीसाखर घरी करायचा कोणाला अनुभव आहे का? दोऱ्यावर काही धरतच नाही, आठवड्याने बरणीच्या तळाशी साखर आणि वर कडक पापुद्रा मिळतो.

हिमकण
प्रमाण काय घेतलंत? ३ कप साखर, १ कप पाणी हवं. पाणी उकळत ठेवून साखर तीन हप्त्यांत, प्रत्येक वेळी पूर्ण विरघळल्यावर पुढची. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर मावते, उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. निवताना ही जास्तीची साखर कुठेतरी बसणारच, ती दोऱ्यावर बसावी एवढंच आपल्या हाती.

तुमच्या दोऱ्यावर बहुधा बी, म्हणजे स्फटिक धरायला आधीचे साखरेचे कण, नव्हतं. काडी किंवा सुती दोरा पाकात बुडवून काढा, कोरड्या साखरेत घोळवा आणि पूर्ण वाळू द्या, दोन-तीन तास तरी. ओला असताना गरम पाकात घातला तर ती साखर विरघळून जाते, आणि मग तळच काय तो उरतो. पाकही अर्धा तास निवल्यावर, हाताला कोमट लागेल तेव्हाच बरणीत ओता. काडी तळापासून २-३ सेंटिमीटर वर, भिंतीला न टेकता, चिमट्याने अडकवा. बरणी एकदम स्वच्छ हवी, भिंतीवर साखरेचा एखादा कण राहिला तर स्फटिक तिथे वाढतात. वर कागद ठेवा, घट्ट झाकण नको.

पापुद्रा रोज चमच्याच्या टोकाने हलकेच फोडून काढा, बरणी न हलवता. ५ ते ७ दिवस लागतात. मुलांना रोज एकदा काडीचं चित्र काढायला सांगा, बरणीला हात न लावता.

मोजपट्टी
दोरा ओलाच घातला होता. आणि तळाशी जमलेल्या साखरेचं काय करू, बरणी सुटत नाही.

हिमकण
बरणीत गरम पाणी भरून रात्रभर ठेवा, आपोआप सुटेल. तो पाक गाळून परत उकळा, थोडी साखर वाढवून त्याच्यावरच दुसरी खेप लावा.